दोन लिटर पेट्रोल आणि मे महिन्यातली हवा

13 एप्रिल 2025 रोजी कर्नूलजवळच्या खुल्या चाचणी-क्षेत्रात डीआरडीओने वाहनावर बसवलेलं लेझर शस्त्र चालवून दाखवलं. हैदराबादच्या ‘चेस’ प्रयोगशाळेचं हे ‘मार्क-2 ए’, शक्ती 30 किलोवॅट. त्याने स्थिर पंखांचं मानवरहित विमान पाडलं, ड्रोनच्या थव्याला तोंड दिलं, टेहळणीचे कॅमेरे निकामी केले. सरकारी निवेदनातलं एक वाक्य लोकांच्या चांगलंच लक्षात राहिलं: काही सेकंद झोत चालवायला साधारण दोन लिटर पेट्रोलएवढा खर्च येतो. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, 8 मेच्या रात्री, 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन घुसवण्याचा पाकिस्तानने प्रयत्न केला. त्या दिवसांत बातम्यांमध्ये नावं गाजली ती एल-70, झू-23 आणि शिल्का या जुन्या तोफांची.

सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीत मी अनेक वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. त्या आठवड्यात जुने विद्यार्थी भेटले की एकच विचारायचे, “सर, लेझर आहे तर मग तोफा कशाला?” प्रश्न रास्त आहे. तो फक्त आपल्याकडचाही नाही. अमेरिकेत हाच प्रश्न चाळीस वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी त्याचं उत्तर बदलत आलं आहे.

बारामतीचा एक धागा

पहिलं लेझर 16 मे 1960 रोजी थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून काढलं. त्यातून निघायचे ते प्रकाशाचे ठोके. शस्त्राला किंवा कारखान्याला हवा असतो सलग आणि जोरदार झोत. तिथे जायची वाट ज्यांनी दाखवली ते कुमार पटेल मूळचे बारामतीचे. 1938 चा जन्म, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 ची पदवी, मग स्टॅनफर्ड आणि बेल लॅब्ज. तिथे 1964 च्या सुमारास त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर सिद्ध केलं. डोळ्याला न दिसणारा, 10.6 मायक्रॉन तरंगलांबीचा हा किरण सलग चालतो आणि दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग प्रकाशात उतरवतो. पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो जगभर पोचला. दौंडला गाडी बदलून बारामतीला जाताना मला हे दर वेळी आठवतं, आणि आपल्या शाळांच्या भिंतींवर पटेलांचं चित्र का दिसत नाही याचं वाईट वाटतं.

लष्करी बाजूचा पहिला मोठा टप्पाही याच वायूवर उभा राहिला. अमेरिकी हवाई दलाने एका मोठ्या विमानात कार्बन डायऑक्साइडचं ‘गॅस डायनॅमिक’ लेझर बसवलं आणि 1983 मध्ये त्याने पाच साइडवाइंडर क्षेपणास्त्रं निकामी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्ष रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रं अडवण्याची योजना जाहीर केली आणि ‘स्टार वॉर्स’ हा शब्द रूढ झाला.

पुढची पंचवीस वर्षं रासायनिक लेझरची होती. शक्ती प्रचंड, मेगावॅटच्या घरातली. पण टाक्या, विषारी रसायनं आणि त्यांची ने-आण यांचं ओझंही तेवढंच. या वाटेचं टोक म्हणजे ‘वायएएल-1’, अख्ख्या बोइंग 747 मध्ये मावलेलं लेझर. 11 फेब्रुवारी 2010 रोजी त्याने उड्डाण घेणारं एक बॅलिस्टिक क्षेपणास्त्र खरोखर नष्ट केलं, आणि 2011 संपता संपता प्रकल्प बंद झाला. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांचा हिशोब साधा होता: सुरक्षित अंतरावरून मारा करायचा तर याच्या 20 ते 30 पट शक्तीचं लेझर लागेल. अमेरिका-इस्रायलच्या संयुक्त प्रकल्पानेही 2000 पासून कात्युशा रॉकेटं हवेत फोडून दाखवली होती. तोही पुढे गुंडाळला गेला.

मग काच-तंतूंमधून निघणारी, विजेवर चालणारी फायबर लेझरं आली. टाक्या गेल्या. अनेक तंतूंचे झोत एकत्र करून शक्ती वाढवता येऊ लागली. 2014 मध्ये ‘पाँस’ या अमेरिकी युद्धनौकेवर 30 किलोवॅटचं लेझर बसलं. आजची सगळी चर्चा या टप्प्यानंतरची आहे.

झोत काय करतो

30 किलोवॅट म्हणजे 40 अश्वशक्ती. आमच्या माढा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा मोठा वाटणार नाही. पाच सेकंदांत एवढा झोत जी ऊर्जा देतो, तिच्यात जेमतेम अर्धा लिटर पाणी उकळेल. विजेच्या भाषेत, यंत्राची गळती धरूनही, पाव युनिटसुद्धा नाही. म्हणजे दोन लिटर पेट्रोलचा आकडा फुगवलेला नाही. उलट जनरेटर तयार ठेवण्याचा खर्च त्यात धरलेला दिसतो.

करामत आहे ती ही ऊर्जा काही सेंटिमीटरच्या ठिपक्यावर गोळा करण्यात आणि उडत्या, हेलकावणाऱ्या वस्तूच्या त्याच जागी ती टिकवून धरण्यात. 30 सेंटिमीटरच्या आरशातून निघालेला एक मायक्रॉनचा झोत तीन किलोमीटरवर, हवा अगदी निवांत असेल तर, अडीच-तीन सेंटिमीटरचा ठिपका देतो. तो पंखावर, मोटरीवर किंवा बॅटरीवर काही सेकंद टिकला तर प्लास्टिक वितळतं, जोड सुटतात, ड्रोन कोसळतो. ठिपका घसरला की तापलेली जागा लगेच निवते आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

उरलेल्या विजेचं काय होतं, हा प्रश्न बातम्यांत क्वचित येतो. चांगलं फायबर लेझरही दिलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्साच प्रकाशात बदलतं. 30 किलोवॅट झोतासाठी 100 किलोवॅटच्या आसपास वीज हवी. म्हणजे साडेसात अश्वशक्तीच्या अठरा मोटारी एकदम चालू. त्यातली 70 किलोवॅट उष्णता त्याच गाडीत साठते. दोन किलोवॅटचे 35 गीझर एका ट्रकच्या पोटात चालू आहेत आणि बाहेर 43 अंश तापमान आहे, असं डोळ्यांपुढे आणा. शीतकरणाची यंत्रणा लेझरइतकीच मोठी का असते, ते समजेल.

आपल्याकडचं काम

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत जास्त बोललं गेलं ते ‘काली’बद्दल, आणि सर्वांत जास्त चुकीचंही तिच्याबद्दलच. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर या नावाची आद्याक्षरं म्हणजे काली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1985 मध्ये डॉ. आर. चिदंबरम यांनी ही कल्पना मांडली आणि 1989 पासून काम सुरू झालं. ते लेझर नाही. तो इलेक्ट्रॉनचा क्षणिक, अतिशय जोरदार झोत सोडणारा त्वरक आहे. त्या झोताचं रूपांतर क्ष-किरणांत किंवा सूक्ष्मलहरींत करता येतं, आणि त्यांचा उपयोग इलेक्ट्रॉनिक सामग्री असा मारा सोसू शकते का हे तपासायला होतो. यंत्र अवजड, आणि एका स्पंदानंतर दुसऱ्यासाठी त्याला थांबावं लागतं. 2012 मध्ये सियाचिनजवळ गयारीला 140 माणसं गाडणारा हिमप्रपात कालीने घडवला, अशी अफवा अजून मोबाइलवर फिरते. असं काही करण्याजोगी रचनाच या यंत्राची नाही. मात्र अफवा टिकण्याचं एक कारण गुप्तताही आहे. 2015 मध्ये काली-5000 सैन्यात येणार का, असा प्रश्न लोकसभेत आला, तेव्हा संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी माहिती संवेदनशील असल्याचं सांगून ती देण्यास नकार दिला. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने ते उत्तर समजण्यासारखं आहे, पण जिथे माहिती थांबते तिथे कल्पना धावू लागतात.

प्रत्यक्ष सैन्याच्या हातात गेलेलं उपकरण त्या मानाने लहान आणि शांत आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये नौदलासाठी सुरुवातीच्या 20 ‘लेझर डॅझलर’चा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी झाला, आणि ते बनवायचे होते कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात. संशयित होडी, वाहन किंवा विमान जवळ येऊ लागलं तर हे उपकरण डोळे दिपवून इशारा देतं, थांबवतं. वितळवण्याचं काम ते करत नाही. याच कंपनीने बनवलेल्या डीआरडीओच्या ड्रोनविरोधी यंत्रणेत कमी शक्तीचं लेझर आहे. त्याचा पल्ला किलोमीटरच्या आसपास.

या पायऱ्यांवरून वर चढत कर्नूलची चाचणी आली. पुढे 23 ऑगस्ट 2025 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची क्षेपणास्त्रं आणि लेझर एकाच नियंत्रणाखाली जोडून तीन लक्ष्यं एकाच वेळी पाडण्यात आली: दोन वेगवान मानवरहित विमानं आणि एक मल्टिकॉप्टर ड्रोन. माझ्या मते हा कर्नूलपेक्षा महत्त्वाचा प्रसंग. लेझर एकट्याने काय करतं यापेक्षा ते इतरांच्या पंगतीत कुठे बसतं, हे तिथे पहिल्यांदा दिसलं.

तीन मतं

लेझरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आधार खर्च आहे. काही हजार रुपयांत जुळवलेला ड्रोन पाडायला लाखो-कोटींचं क्षेपणास्त्र खर्ची पडत असेल, तर शत्रू न जिंकताही आपल्याला थकवतो. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ने जानेवारी 2024 मध्ये हवेतली लक्ष्यं टिपली, तेव्हा एका झोताचा खर्च 10 पौंडांच्या आत सांगितला गेला. इस्रायलने 100 किलोवॅट वर्गातल्या ‘आयर्न बीम’बद्दल असेच आकडे दिले, आणि मे 2025 मध्ये त्याहून कमी शक्तीच्या लेझरने युद्धात डझनांनी ड्रोन पाडल्याचं जाहीर केलं. हा पुरावा चाचणी-मैदानातला नाही, प्रत्यक्ष लढाईतला आहे, म्हणून त्याला वजन आहे. शिवाय वीज आहे तोवर दारूगोळा संपत नाही, आणि झोताला लक्ष्यापर्यंत पोचायला वेळच लागत नाही.

शंका घेणारे म्हणतात, झोताची किंमत सांगता, यंत्राची सांगा. एका झोताला दहा पौंड लागत असतील, पण त्यामागचा आरसा, मागोवा घेणारी यंत्रणा, शीतकरण आणि ते सांभाळणारे तंत्रज्ञ यांचा खर्च किती झोतांवर वाटायचा? अमेरिकी लष्कराने 50 किलोवॅटची लेझरं स्ट्रायकर गाड्यांवर चढवून 2024 मध्ये मध्यपूर्वेत नेली. त्यानंतर लष्कराच्या खरेदी-प्रमुखांनी सिनेटपुढे सांगितलं की प्रयोगशाळेतले निकाल आणि मैदानातले निकाल जुळत नाहीत. उष्णता बाहेर काढणं, इलेक्ट्रॉनिक्स आणि धक्क्यांनी होणारी झीज या अडचणी आहेत. अमेरिकेच्या लेखा-परीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार तिथे या क्षेत्रावर वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर खर्च होतात, आणि तरीही नमुना यंत्राकडून सैन्यातल्या वापराकडे जाणारी वाट अरुंदच आहे. या गटातले जाणकार साध्या तोफांकडे आणि छोट्या रॉकेटांकडे बोट दाखवतात. नागपूरच्या सोलर डिफेन्सने मे 2025 मध्ये गोपाळपूरला चाचणी घेतलेलं ‘भार्गवास्त्र’ त्यातलंच: अडीच किलोमीटरच्या टप्प्यात थव्यावर लहान रॉकेटांचा मारा. त्याला ना तीन सेकंद रोखून धरण्याची गरज, ना निर्मळ हवेची.

तिसरं मत सूक्ष्मलहरींचं. लेझर एका वेळी एकाला गाठतं. चाळीस ड्रोन एकदम आले तर ते एकेक करून मोजत बसतं. शक्तिशाली सूक्ष्मलहरींचा पंखा मात्र समोरच्या पट्ट्यातल्या सगळ्यांचे इलेक्ट्रॉनिक मेंदू एकदम जाळू शकतो. ऑगस्ट 2025 मध्ये एपिरस या अमेरिकी कंपनीने एका प्रात्यक्षिकात एकाच वेळी 49 ड्रोन पाडले. पण पल्ला तोकडा, अंतराबरोबर जोर झपाट्याने घटतो, आणि ही लहर आपलं-परकं ओळखत नाही. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनवर, जिथे मिरज-लातूर आणि पुणे-सोलापूर मार्ग एकमेकांना भेटतात, सिग्नलची सगळी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक होत चालली आहे. तिच्याशेजारी असा पंखा फिरवायचा का, हा प्रश्न लष्कराइतकाच रेल्वेचाही ठरेल.

मला स्वतःला लेझरची बाजू सर्वांत भक्कम वाटते ती स्थिर ठिकाणांच्या रक्षणात: तळ, शुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्रं. तिथे वीज आहे, पाणी आहे, धक्के नाहीत. चालत्या गाडीवरचं लेझर हे अजून अर्धवट सुटलेलं गणित आहे.

सिद्ध झालेलं आणि स्वीकारलेलं

इथे आमच्या गावाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुर्डुवाडी तेव्हा ‘बार्शी रोड’ होती. 1897 मध्ये इथून बार्शीला अडीच फुटी रुळांची गाडी सुरू करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे वजनाचं गणित जाणणारे अभियंते होते. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा नियम पाळून त्यांनी हलक्या रुळांवर मोठं काम करून घेतलं. 1910 मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागले. त्यांचं ‘गार्डियन एंजल’ पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मागे हेर उतरवायला वापरलं गेलं. तरी ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत ते नियमित मिळालं नाही. वजन, जागा आणि वरिष्ठांचा अविश्वास या तिन्हींनी मिळून ते अडवलं.

लेझरबाबत दोन्ही बाजू हा इतिहास आपापल्या सोयीने वापरू शकतात. समर्थक म्हणतील, चालणारी वस्तू हट्टाने नाकारली गेली आणि माणसं गेली. शंका घेणारे म्हणतील, वजन आणि जागा यांच्या अडचणी खऱ्याच होत्या, आणि त्या सुटल्यावरच पॅराशूट सर्वांच्या पाठीवर गेलं. मला कॅलथ्रॉप यांचा आधीचा, रेल्वेचा धडा जास्त उपयोगी वाटतो: यंत्र जितकं जोरदार, तितकं ते पेलणारा रूळ आधी तपासावा.

हवा

लेझरचा रूळ म्हणजे हवा. आणि ती जागोजागी वेगळी असते. धूलिकण झोत विखुरतात, बाष्प तो शोषतं, धुकं आणि पाऊस अडवतात. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या लहरींनी दूरचं झाड जसं नाचताना दिसतं, तसाच झोताचा ठिपकाही नाचतो आणि पसरतो. त्यातून झोत स्वतःच आपल्या वाटेतली हवा तापवतो. ती तापलेली हवा भिंगासारखी वागून त्यालाच फाकवते, आणि शक्ती वाढवली की हा दोषही वाढतो.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुर्डुवाडीच्या फलाटावर उभं राहून रुळांकडे पाहिलं तर ही सगळी भौतिकी उघड्या डोळ्यांना दिसते. काळ्या रानांवरून धुळीची वावटळ येते आणि समोरचा सिग्नल थरथरतो. सोलापूरची हवा शास्त्रज्ञांनी नीट अभ्यासलेली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने पर्जन्यछायेतल्या ढगांच्या अभ्यासासाठी 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरला तळ ठोकला, विमानं उडवली आणि हवेतले कण व ढगांतले थेंब मोजले. हेतू पावसाचा होता, पण दख्खनच्या हवेतून प्रकाश किती अंतर टिकेल याचं गणित करायलाही अशीच मोजमापं लागतात.

इस्रायलचे किंवा स्कॉटलंडच्या बेटांवरचे ‘ड्रॅगनफायर’चे निकाल म्हणूनच जसेच्या तसे इथे उतरवता येत नाहीत. मात्र वाळवंटात, समुद्रावर आणि थंड प्रदेशात वेगवेगळ्या देशांनी स्वतंत्रपणे यश मिळवलं आहे, तेव्हा हवा हा निव्वळ अडसर मानणंही चूक. पल्ला हवेप्रमाणे कमी-जास्त होतो, एवढं दोन्ही बाजूंना मान्य आहे. किती, यावर वाद आहे.

डोळे

सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट निर्णय झाला तो कायद्यात. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेली लेझर शस्त्रं 13 ऑक्टोबर 1995 रोजी व्हिएन्नात संमत झालेल्या कराराने निषिद्ध ठरवली. हा करार 30 जुलै 1998 पासून लागू आहे. भारत 1999 मध्ये त्यात सामील झाला. रणांगणावर प्रत्यक्ष वापर होण्यापूर्वीच बंदी आलेली शस्त्रं मोजकीच आहेत; हे त्यातलं एक.

तरी फटी आहेत. यंत्र जाळणाऱ्या लेझरवर बंदी नाही, आणि त्याच्या ओघात कोणाचे डोळे गेले तर तो अपघात मानला जातो. तात्पुरतं दिपवणारे डॅझलर परवानगीत बसतात, पण तात्पुरतं आणि कायमचं यांच्यामधली रेघ अंतर, वेळ आणि डोळ्याची बाहुली किती उघडी आहे यावर ठरते. फेब्रुवारी 2023 मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षक नौकेवर चिनी नौकेने लेझर रोखल्यावर हीच चर्चा पुन्हा झाली.

यासाठी आपल्याला दक्षिण चीन समुद्रात जायची गरज नाही. 2023 च्या गणेशोत्सवात मिरवणुकांतल्या लेझर दिव्यांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेले तरुण महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांकडे आले, आणि 2024 मध्ये पुणे पोलिसांनी विसर्जनात हे झोत वापरण्यावर बंदी घातली. ते दिवे शस्त्राच्या हजाराव्या हिश्श्याच्याही शक्तीचे नसतात. 30 किलोवॅटचा झोत एखाद्या चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित झाला, तर तो कुठे जातो आणि तिथे कोण उभं आहे? वस्तीजवळ ही यंत्रणा बसवायची झाली तर सुरक्षित कोन आणि मोकळा पट्टा ठरवावा लागेल. चुकलेला झोत आकाशात थांबत नाही, म्हणून वरून जाणारी विमानं आणि उपग्रह यांचाही हिशोब ठेवावा लागेल.

काय ठरायचं आहे

थव्यापुढे एक झोत किती पुरेल? ड्रोन बनवणाऱ्यांनी परावर्तक लेप लावला, यान स्वतःभोवती फिरवत ठेवलं किंवा थोडं जाड कवच चढवलं, तर तीन सेकंदांचे सहा होतील की साठ? धुळीच्या आणि पावसाच्या दिवशी यंत्रणा बंद राहणार असेल, तर तिच्या जोडीला तोफ ठेवावीच लागेल. मग बचत उरते किती? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी कुठे आकड्यांत मांडलेलं दिसलं नाही.

आपल्या या दोन जाहीर चाचण्यांतली एक एप्रिलमध्ये कर्नूलला झाली. तिथली कोरडी, तापती पठारी हवा आमच्या हवेची सख्खी बहीण. दुसरी ऑगस्टमध्ये ओडिशाच्या दमट किनाऱ्यावर. हवेची दोन टोकं गाठली गेली, ही निवड मला आश्वासक वाटते. ओडिशाच्या निवेदनात लक्ष्यं ‘वेगवेगळ्या पल्ल्यांवर आणि उंचींवर’ पाडल्याचं म्हटलं होतं. माझे विद्यार्थी पुढच्या वेळी भेटतील तेव्हा मी त्यांना पुढच्या निवेदनात तीन आकडे शोधायला सांगणार आहे: अंतर किती होतं, झोत किती सेकंद धरावा लागला, आणि त्या वेळी दृश्यता किती होती.